परदेशात इतिहास-साहित्यात पीएचडी, तीही पूर्ण फंडिंगवर: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी ७ विद्यापीठांत अर्ज केले आणि सातही ठिकाणांहून नकार आला. दुसऱ्या वर्षी ६ अर्ज केले, त्यातल्या दोन ठिकाणी पूर्ण फंडिंगसह प्रवेश मिळाला. मधल्या वर्षात माझे मार्क वाढले नव्हते, नवी पदवी हातात आली नव्हती, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअरसुद्धा तोच होता. बदलला होता तो मी विचारत असलेला प्रश्न. पैसे प्रश्नाला मिळतात, मार्कशीटला नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी माध्यमातून बीए केलं, पुण्यात इतिहासात एमए केलं आणि आता अमेरिकेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. माहिती इतिहासाच्या अंगाने येईल, पण मराठी साहित्य, तत्त्वज्ञान, धर्म-अभ्यास, भाषाशास्त्र अशा विषयांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

१. ‘फंडेड’ म्हणजे नेमकं काय, ते देशाप्रमाणे समजून घ्या

अमेरिकेत चांगल्या पीएचडी कार्यक्रमात प्रवेश आणि पैसे एकत्रच येतात. ट्यूशन फी माफ, दरमहा स्टायपेंड (राहण्या-खाण्यासाठी विद्यावेतन), आरोग्य विमा, आणि हे सगळं साधारण ५ वर्षांसाठी. त्या बदल्यात काही सत्रं टीचिंग असिस्टंट म्हणून काम करावं लागतं. पहिली दोनेक वर्षं कोर्सेस असतात, त्यामुळे प्रबंधाचा आराखडा पक्का नसला तरी चालतो, दिशा मात्र दिसायला हवी.

ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे कोर्सेस जवळपास नसतात, ३-४ वर्षांत प्रबंध द्यायचा असतो, म्हणून अर्जासोबतच संशोधनाचा पक्का आराखडा लागतो. आणि प्रवेश वेगळा, पैसे वेगळे. हा सगळ्यात मोठा सापळा. ‘ऑफर’ आली की घरी पेढे वाटले जातात, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरतो, आणि मग कळतं की फी आपणच भरायची आहे. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज नसतो. तुमच्या अभ्यासक्रमाची डिसेंबर किंवा जानेवारीतली जी मुदत असेल ती पाळली की आपोआप विचार होतो. केंब्रिजच्या गेट्स शिष्यवृत्तीसाठी प्रवेश-अर्जातच तो भाग भरायचा असतो. भारतीय विद्यार्थ्यांसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे: ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचं सोआस या तीन विद्यापीठांत. शिष्यवृत्तीची मुदत बऱ्याचदा प्रवेशाच्या शेवटच्या मुदतीआधी संपते. अर्ज स्वीकारणं चालू आहे म्हणजे पैसेही शिल्लक आहेत, असं समजू नका.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत पीएचडीला ट्यूशन फी नसते, पण राहण्या-जेवण्याचे पैसे उभे करावे लागतात. एक मार्ग डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्तीचा. दुसरा संशोधन प्रकल्पातल्या पगारी जागेचा. ती नोकरीच असते, तिची जाहिरात निघते आणि विषय बऱ्याचदा प्रकल्पाने ठरवलेला असतो. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था आणि ग्योटिंगेनचं आधुनिक भारत अभ्यास केंद्र ही दोन नावं आपल्या विषयांसाठी लक्षात ठेवा. तिथे आधी मार्गदर्शक प्राध्यापकांचा लेखी होकार मिळवावा लागतो.

२. कॅलेंडर उलटं मांडा

अमेरिकेतल्या मुदती १ डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि शिक्षण सुरू होतं पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तिथून मागे या:

जानेवारी ते मे: वाचन, प्रश्न, विद्यापीठांची पहिली यादी.
जून-जुलै: रायटिंग सॅम्पलचा (अर्जासोबतच्या नमुना लेखाचा) पहिला खर्डा, ट्रान्सक्रिप्टसाठी (गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) विद्यापीठात अर्ज.
ऑगस्ट-सप्टेंबर: प्राध्यापकांना ई-मेल, शिफारसपत्रांसाठी सरांशी-मॅडमशी बोलणं, इंग्रजीची परीक्षा.
ऑक्टोबर: एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मला काय संशोधन करायचंय आणि का, हे सांगणारं निवेदन). दिवाळीच्या सुट्टीआधी शिफारसपत्रांची सगळी माहिती संबंधितांच्या हातात.
नोव्हेंबर: पोर्टल भरणं.

दिवाळी मुद्दाम लिहिली आहे. कॉलेजं बंद होतात, लोक गावी जातात, आणि परत येईपर्यंत पहिली मुदत दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते.

मुदत रात्री ११:५९ ची असते, पण तिथल्या घड्याळाप्रमाणे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची हिवाळ्यातली ही वेळ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. हे माहीत असावं म्हणून सांगितलं. त्याचा आधार घेऊ नका, तीन दिवस आधी सबमिट करा.

३. विषय नको, प्रश्न हवा

इथे मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून इथेच जरा थांबते.

पहिल्या वर्षी माझा विषय होता ‘अठराव्या शतकातील मराठा ग्रामव्यवस्था’. विषय म्हणून यात काही वाईट नाही, आपल्याकडे एमएच्या प्रबंधाला चालतो. पण निवड समितीसमोर शेकडो अर्ज असतात, आणि ‘ग्रामव्यवस्था’ वाचून त्यांना कळत नाही की या मुलीला नेमकं काय खुपतंय.

त्या नकारांच्या वर्षात मी परत पेशवे दफ्तरात जाऊन बसले. मोडी मला येत होती, पण तोवर मी ती फक्त वाचण्यापुरती वापरत होते. एका गावच्या पाटीलकीच्या वादाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, हाती लागला. दोन भावक्यांचं भांडण, होळीला पहिली पोळी कुणाची यावरून. निवाड्याखाली गोतसभेतल्या, म्हणजे निवाडा करणाऱ्या गावसभेतल्या, लोकांच्या निशाण्या होत्या: पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. मी इतकी वर्षं निवाडा वाचत होते, निशाण्या वगळत होते. त्या दिवशी वाटलं, या निशाण्या ज्या क्रमाने काढल्या आहेत तो क्रम कोण ठरवत होतं? एखाद्या बलुतेदाराची निशाणी वर सरकली किंवा गाळली गेली तर गावात त्याचा अर्थ काय होत असे? हा प्रश्न झाला. त्याला कागद आहेत, त्यावर याआधी कुणी काय म्हटलंय ते सांगता येतं, आणि उत्तर मला अजून माहीत नाही. चांगल्या प्रश्नात या तिन्ही गोष्टी असतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीची भीती असते. ती मला कळते, मीही त्या भीतीत दिवस काढले आहेत. पण तुमच्याकडे काय आहे तेही बघा. मोडी, जुनी मराठी, महानुभावांच्या पोथ्या, वारकरी फडांतले संबंध, दलित चळवळीची जुनी नियतकालिकं, कोकणी-पोर्तुगीज कागद, आजीच्या ओव्या. परदेशातला हुशार विद्यार्थी जिथे पोचायला ४ वर्षं भाषा शिकेल, तिथे तुम्ही आजच उभे आहात. अर्जात हे नम्रतेने पण ठसठशीत लिहा. ‘मराठी ही माझी मातृभाषा आहे’ इतकं लिहून थांबू नका. मोडी किती सराईत वाचता, कोणत्या दप्तरखान्यात काम केलंय, तिथले कोणते रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पाहिले आहेत, ते लिहा.

आधीचं संशोधन वाचण्यासाठी महागडी वर्गणी लागत नाही. जेस्टोअर या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून दरमहा काही लेख वाचता येतात, भारतातले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत. पुण्यात असाल तर जयकर ग्रंथालय, भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही तीन ठिकाणं एका पावसाळ्यात पालथी घाला.

४. विद्यापीठ नव्हे, माणसं आणि विभाग निवडा

रँकिंगची यादी बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नाशी ज्यांचं काम बोलतं असे किमान दोन प्राध्यापक एका विद्यापीठात आहेत का, ते पाहा. एकच असेल आणि त्या निवृत्त झाल्या किंवा दुसरीकडे गेल्या, तर तुम्ही अडकता. आपले विषय वेगवेगळ्या नावांच्या विभागांत बसतात: इतिहास, धर्म-अभ्यास, तुलनात्मक साहित्य, दक्षिण आशिया अभ्यास. एकाच विद्यापीठात कोणत्या विभागात अर्ज करायचा, याचा निर्णय सावधपणे घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी एका वर्षी एकच अर्ज चालतो.

एक गोष्ट आता नव्याने तपासावी लागते. २०२५ पासून अमेरिकेतल्या काही नामांकित विद्यापीठांनी मानव्यविद्यांमधले पीएचडी प्रवेश कमी केले आहेत किंवा एखाद्या वर्षापुरते थांबवले आहेत. यंदा विभाग विद्यार्थी घेतोय का, हे विभागाच्या पानावर पाहा, तिथे नसेल तर कार्यालयाला विचारा. फी भरण्याआधी.

प्राध्यापकांना ई-मेल करताना १५० शब्द पुरे. तुम्ही कोण (एक वाक्य), प्रश्न काय (दोन-तीन वाक्यं), त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडलेला आहे (एक वाक्य, आणि ते काम खरंच वाचलेलं असावं), आणि त्या यंदा नवे विद्यार्थी घेत आहेत का. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘आय बेग टू स्टेट’ वगैरे अर्जाची भाषा काढून टाका. ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, एवढं पुरतं. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या. मला जिथे प्रवेश मिळाला त्यातल्या एका ठिकाणाहून ई-मेलला उत्तर आलंच नव्हतं.

५. एसओपी: बालपण नको

‘लहानपणापासून मला इतिहासाची आवड होती, आजोबा शिवरायांच्या गोष्टी सांगत’ अशी माझी पहिली एसओपी होती. भावना खरी होती, पण त्या दोन पानांत तिला जागा नव्हती. दुसरी एसओपी सुरू झाली त्या महजरापासून.

साधारण १००० शब्द असतात. प्रत्येक विभागाची मर्यादा वेगळी, ती पाळा. क्रम मला असा जमला: प्रश्न आणि तो कुठून उभा राहिला, त्यावर आतापर्यंत काय म्हटलं गेलंय आणि कुठे रिकामी जागा आहे, मी आजवर केलेलं काम, म्हणजे प्रबंध, दप्तरखाना, भाषा, मग हाच विभाग का, कोणाबरोबर. शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी नव्याने लिहायचा. घाईत एका विद्यापीठाचं नाव दुसऱ्याच्या अर्जात राहतं. पीडीएफ उघडून वाचल्याशिवाय अपलोड करू नका.

काही ठिकाणी ‘पर्सनल स्टेटमेंट’ वेगळं मागतात. तुमचं गाव, घरातली पहिली पदवीधर पिढी, जात, शेती, नोकरी सांभाळून केलेलं शिक्षण हे सांगण्याची जागा ती. संकोच करू नका, पण दयेची याचनाही नको. काय घडलं आणि त्यातून तुमची नजर कशी घडली, एवढं सरळ सांगा.

६. रायटिंग सॅम्पल: दोन महिने इथेच घाला

१५ ते २५ पानांचा इंग्रजी लेख, दुहेरी ओळींच्या अंतराने. माझ्या मते समिती सगळ्यात बारकाईने हाच वाचते, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वेळ यालाच दिला जातो.

एमएच्या प्रबंधातलं प्रकरण आहे तसं जोडू नका. त्यात ‘प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती’ असा साचा असतो. इथे एकच युक्तिवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत राहायला हवा. एक किंवा दोन मूळ साधनं घ्या आणि ती खोलात वाचा. मराठी उतारा रोमन लिप्यंतरात, खाली तुमचं स्वतःचं भाषांतर, मग त्यावर चर्चा. तुमची भाषेवरची पकड तिथे आपोआप दिसते.

मराठीतून विचार करणाऱ्यांना माझा सल्ला: युक्तिवाद आधी मराठीत लिहून काढा, मग तो कागद बाजूला ठेवा आणि इंग्रजीत नव्याने लिहा. वाक्याला वाक्य भाषांतर केलं की इंग्रजी जड होते आणि मुद्दाही हरवतो. नंतर विषय न कळणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. ती जिथे अडेल तिथे दोष तुमच्या मांडणीत आहे असं समजा.

आणि पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. आपल्याकडे भरतीच्या गुणांसाठी त्यांचा धंदा चालतो, पण इथले प्राध्यापक ती नावं ओळखतात. सीव्हीत असे ५ लेख असण्यापेक्षा एकही नसलेला बरा.

७. शिफारसपत्रं

तीन लागतात. विभागप्रमुख किंवा प्राचार्य मोठे आहेत म्हणून त्यांचं पत्र घेऊ नका. ज्यांनी तुमचं लेखन वाचलंय त्यांचं घ्या. ‘ती नियमित, सुस्वभावी आणि कष्टाळू आहे’ या पत्राने काही होत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या तीनपैकी दोन पत्रं बहुधा तशीच होती.

सरांकडे जाताना एक फाइल न्या: एसओपी, रायटिंग सॅम्पल, सीव्ही, विद्यापीठांची मुदतीसह यादी, आणि एका पानावर मुद्दे: ‘तुमच्या अमुक पेपरसाठी मी हे लिहिलं होतं, त्यावर तुम्ही असं म्हणाला होतात.’ बरेच जण म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तेव्हा आदराने सांगा की सर, मी मुद्दे देते, पण शब्द तुमचे हवेत. तीन पत्रांची भाषा एकसारखी निघाली तर समितीच्या लगेच लक्षात येतं.

तांत्रिक बाबी: पत्र तुम्ही अपलोड करायचं नसतं, पोर्टल थेट त्यांना लिंक पाठवतं. त्यांचा संस्थेचा ई-मेल द्या, लिंक स्पॅममध्ये गेली का ते विचारा. आणि पत्र पाहण्याचा तुमचा हक्क सोडता का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणा. नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

८. कागदपत्रं

– पासपोर्ट
– बीए, एमएच्या सर्व सत्रांच्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्रं (दीक्षान्त झाला नसेल तर प्रोव्हिजनल)
– विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ट्रान्सक्रिप्ट, ४-५ सीलबंद प्रती आणि स्कॅन
– आयईएलटीएस किंवा टोफेल (स्कोअर २ वर्षं चालतो)
– जीआरई (अमेरिकेतली पदव्युत्तर प्रवेश-परीक्षा): मानव्यविद्यांच्या बहुतेक विभागांनी बंद केली आहे, तुमच्या यादीत कुठे मागत असतील तरच द्या
– सीव्ही, एसओपी, रायटिंग सॅम्पल
– आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड

नावाचा घोळ आधी सोडवा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, काही विद्यापीठांत शेवटी आईचंही. पासपोर्टवर वेगळंच. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची अडचण आणखी वाढते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे लिहा आणि फरक असेल तिथे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

टक्क्यांचं रूपांतर जीपीएमध्ये स्वतः करू नका, मार्कशीटवर आहेत तसेच भरा. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम वर्ग असतो, हे एखाद्या शिफारसपत्रात आलं तर उत्तम.

अर्जाची फी अमेरिकेत एका विद्यापीठाची साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. ६ अर्जांचा हिशोब करा म्हणजे पोटात गोळा येईल. पण फी-माफीसाठी विचारता येतं. ग्रॅज्युएट स्कूलच्या कार्यालयाला साधा ई-मेल करा, मुदतीच्या महिनाभर आधी. मला दोन ठिकाणी माफी मिळाली, दोन्ही ठिकाणी केवळ विचारल्यामुळे.

९. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्या आणि त्यांच्या अटी

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट दरवर्षीच्या जाहिरातीत पाहा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे, पण तिच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचे विषय. माझ्या एका मित्राने या शिष्यवृत्तीच्या भरवशावर पूर्ण वर्ष काढलं, त्याला हे फार उशिरा कळलं. ताजी जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप भारतात पीएचडीला नोंदणी केलेल्यांना काही महिन्यांसाठी अमेरिकेत पाठवते; तिथल्या पूर्ण पीएचडीसाठी ती नाही. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देते. ते कर्ज आहे, फेडायचं असतं.

करारनाम्यावर सही करण्याआधी परत येण्याची, नोकरीची, विषय न बदलण्याची अट शोधा. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनाही १० वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार करावा लागला होता, आणि मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं.

१०. उत्तरं येतात तेव्हा

फेब्रुवारी-मार्चमध्ये. काही विभाग त्याआधी ऑनलाइन मुलाखत घेतात. तिथे तुमच्या रायटिंग सॅम्पलवरच प्रश्न येतात. ऑफर आली की आनंद करा आणि मग हे विचारा: पैसे किती वर्षांसाठी लेखी हमीने? स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२? उन्हाळ्यात काय? स्टायपेंडमधून कोणती फी कापली जाते? विमा पूर्ण आहे का? कोणत्या वर्षी शिकवावं लागतं? आणि तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला: एका खोलीचं भाडं किती आणि महिनाअखेर काय उरतं. माझ्या दोन ऑफरपैकी जिचा आकडा मोठा होता, ते शहर इतकं महाग होतं की मी दुसरी घेतली.

अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलचा संकेत पाळतात: फंडिंगच्या ऑफरला त्या तारखेपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. कुणी आधी घाई केली तर नम्रपणे ती तारीख सांगा. जी ऑफर घेणार नाही ती मात्र लगेच सोडा, प्रतीक्षा यादीत कुणीतरी श्वास रोखून बसलेलं असतं.

सगळीकडून नकार आला तर एक-दोन प्राध्यापकांना विचारा की अर्जात काय कमी पडलं. बहुतेक उत्तर देणार नाहीत. मला एकाच मॅडमनी दोन ओळी लिहिल्या होत्या: साधनं उत्तम आहेत, पण तुला त्यांना काय विचारायचंय ते कळत नाही.

११. निघण्याआधी

आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र) आल्यावर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, मुंबईत मुलाखत. पूर्ण फंडिंग आय-२० वरच लिहिलेलं असतं, त्यामुळे घर-जमिनीचं मूल्यांकन आणि सीएची प्रमाणपत्रं सहसा लागत नाहीत. फंडिंगचं पत्र मात्र वरच ठेवा. जोडीदार एफ-२ (विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावर आला तर त्याला किंवा तिला नोकरी करता येत नाही. हे लग्न ठरवतानाच दोन्ही घरांत स्पष्ट बोला.

आणि जून-जुलैचे महिने फक्त खरेदीत घालवू नका. इथे बर्फात बसून कागदाची आठवण येते तेव्हा तो कागद पुण्यात असतो. दप्तरखान्याचं ओळखपत्र नव्याने करून घ्या, हव्या त्या रुमालांचे क्रमांक वहीत उतरवा, परवानगी असेल तिथे प्रती काढा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगून या की दोन वर्षांनी उन्हाळ्यात परत येणार आहे. मी परत गेले तेव्हा त्यांना माझा रुमाल क्रमांक आठवत होता.